गवयापुढची तिवई

पुण्याच्या वायव्येस मुळा नदीच्या कांठीं वाकड म्हणून गांव आहे. चैत्री पौर्णिमेस हिंजवडीहून निघालेलें म्हातोबाचें बगाड ज्या वाकडांत येऊन पोंचतें तें हेंच. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें. शेजारीं हिंजवडीस संगणकाचे उद्योग उभे राहिले आणि शेतांच्या जागीं उंच इमारतींच्या रांगा आल्या. आज या गांवांत देवळांतलें भजन-कीर्तन जसें चालूं आहे, तसेच हमरस्त्याच्या बाजूच्या उपाहारगृहांतून शनिवार-रविवारच्या संध्याकाळीं तरुण गायक गिटार घेऊन गातांनाहि आढळतात. यांतले पुष्कळसे दुचाकीवरून येतात. पाठीवर गिटार, पायांशीं ध्वनिवर्धकाची लहान पेटी, आणि खांद्यावरून तिरपी टांगलेली एक लांबट पिशवी, असा त्यांचा थाट असतो. या पिशवींत काय असतें असें आम्हीं एकदां अशा एका गायकास विचारलें. तो हंसून म्हणाला, “माईकचा स्टँड. गिटार सांभाळतां येते हो, पण हा वाटेंत दुसऱ्यांच्या गाड्यांना लागतो. हलका घ्यावा तर गातांना पडतो, जड घ्यावा तर खांदा मोडतो.”

तक्रार लहान आहे खरी. परंतु तिच्यामागें जो प्रश्न आहे तो बराच जुना आहे. आमच्याकडील संगीताच्या इतिहासांत घराण्यांच्या वंशावळी, रागांचीं लक्षणें, गवयांच्या आख्यायिका यांवर पानेंच्या पानें खर्चीं पडलीं आहेत. गवयानें आपलें सामान कसें वाहिलें, आणि त्या सामानानें गवयास कोठें व कसें बसविलें, याचा विचार मात्र क्वचितच झाला. त्या सामानांतहि ध्वनिक्षेपकाचा खांब हा अगदींच उपेक्षित पदार्थ. तो गवयाच्या तोंडापुढें उभा असतो, छायाचित्रांत हटकून येतो, पण त्याकडे पाहातो कोण? आमचें म्हणणें असें कीं, गेल्या नव्वद-शंभर वर्षांत मराठी गायक, कीर्तनकार, शाहीर यांच्या उठण्याबसण्यावर या खांबानें जी सत्ता गाजविली ती लहानसहान नाहीं, आणि वरील तरुणाची अडचण त्या सत्तेचाच एक शेवटचा धागा आहे.

आमच्या जुन्या फिरत्या कलावंतांचें सामान पाहिलें म्हणजे तें अंगावर वाहाण्याच्या बेतानेंच घडविलें होतें हें ध्यानांत येतें. वासुदेवाच्या हातीं टाळ आणि चिपळ्या. गोंधळ्याच्या कमरेस संबळ आणि साथीदाराच्या काखेंत तुणतुणें. शाहिराच्या हातीं डफ. तुणतुणें म्हणजे तरी काय? एक पोकळ लांकडी नळकांडें, तळाशीं कातडें, बाजूस एक काठी आणि एक तार. एवढ्या सामानावर रात्रभर स्वर धरून ठेवतां येतो, आणि पहाटे तेंच खांद्यास अडकवून पुढच्या गांवची वाट चालतां येते. वाद्याची घडण आणि पायांची चाल यांचा असा मेळ आमच्या लोकांनीं शेंकडों वर्षें बसविला होता. बैठकीच्या गवयाचा तानपुरा तेवढा यास अपवाद. मिरजेच्या कारागिरांचा मोठा तानपुरा वजनानें फार नसतो, पण त्याचा भोपळा नाजुक आणि त्याची लांबी अडचणीची. आगगाडीच्या डब्यांत तानपुऱ्यास मांडीवर घेऊन रात्र काढणारे शिष्य ज्यांनीं पाहिले असतील त्यांस याचें अधिक वर्णन नको.

पेटीची कथा या बाबतींत विशेष मनोरंजक आहे. फ्रान्समध्यें १८४० च्या सुमारास दबाँ यानें जी हार्मोनियम सिद्ध केली ती पायांनीं भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवावयाची होती. ती हिंदुस्थानांत आली तेव्हां येथील वादक जमिनीवर बसणारा. त्यास तिचे पाय काय कामाचे? कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भाता पाठीमागें आणून ती हातानें हलविण्याजोगी केली, असें श्रेय सामान्यतः दिलें जातें. पेटीचे पाय गेले, उंची गेली, वजन उतरलें, आणि ती एका माणसाच्या हातीं लोंबकळत गांवोगांव फिरूं लागली. संगीत नाटकांच्या कंपन्यांत पायपेटी आणि ऑर्गन पुष्कळ काळ टिकले. कारण त्यांच्यापाशीं सामान वाहाण्यास माणसें होतीं आणि रेल्वेचे डबे होते. एकट्यादुकट्या कलावंतानें मात्र बिनपायांचीच पेटी पत्करली. पुढें १९४० सालीं सरकारी नभोवाणीनें शास्त्रशुद्धतेच्या कारणावरून पेटीस आपलें दार बंद केलें आणि तें तीस वर्षांवर बंदच राहिलें. पण देवळांतून, बैठकींतून व मेळ्यांतून ती हललीहि नाहीं. जें वाद्य उचलून नेतां येतें त्यास सहसा कोणी हुसकून लावूं शकत नाहीं. परदेशी वस्तूचे पाय काढून ती आपल्या बैठकीस जुळवून घेण्याची ही कथा वाचकांनीं लक्षांत ठेवावी; ध्वनिक्षेपकाच्या बाबतींत हेंच घडावयास पाहिजे होतें, आणि तें फार उशिरां घडलें.

ध्वनिक्षेपक येण्यापूर्वीं गाणें कसें पोंचत असे? ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं जो ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, त्यांत केशवराव भोसले धैर्यधर झाले होते आणि बालगंधर्व भामिनी. खच्चून भरलेल्या त्या नाट्यगृहांत या दोघांचा आवाज शेवटच्या बांकापर्यंत गेला तो केवळ छातीच्या जोरावर व नाट्यगृहाच्या लांकडी बांधणीच्या साह्यानें. आवाज फेकणें ही त्या काळीं कलेची पहिली अट होती. ज्याचा आवाज जात नसे तो कितीहि गोड गात असला तरी रंगभूमीस निरुपयोगी. पण या अटीच्या बदल्यांत नटास एक मोठी मोकळीक होती. तो रंगभूमीवर कोठेंहि उभा राहो, बसो, वळो, त्याचा आवाज त्याच्याबरोबर असे.

ही मोकळीक हिरावणारें यंत्र त्यापूर्वींच जन्मास आलें होतें. कॅलिफोर्नियांत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनीं १९१५ मध्यें बोलका कर्णा सिद्ध केला आणि १९१९ च्या सप्टेंबरांत सॅन डिएगो येथें अध्यक्ष विल्सन यांचें भाषण त्याच्या साह्यानें अफाट समुदायास ऐकविलें. त्या प्रसंगीं विल्सन यांस एका कांचेच्या खोलींत उभें केलें होतें आणि ध्वनिग्राहक त्यांच्या डोक्यावर टांगले होते. जगांतील एका बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षास, तुम्ही येथून हलूं नका, असें सांगणारें हें पहिलेंच यंत्र असावें! आपला आवाज हजारों माणसांपर्यंत जावा असें ज्यास वाटतें त्यानें एका जागीं खिळून राहावें, हा करार तेव्हांपासूनचा आहे.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरूं झालें. पुढील दशकांत नानिक मोटवाने यांच्या मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ या पेढीचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या अधिवेशनांत व गांधीजींच्या सभांत दिसूं लागले. नांवांत शिकागो असलें तरी पेढी सिंधी गृहस्थांची आणि अस्सल देशी. त्या काळच्या छायाचित्रांत पुढाऱ्यांच्या तोंडापुढें तिच्या नांवाची पाटी ठळक झळकतांना दिसते. सभेचा हा कर्णा मग गणेशोत्सवांत आला, उरुसांत आला, लग्नांत आला आणि देवळांत आला. त्याच्याबरोबर त्याचा खांबहि आला.

हा खांब एवढा जड कां, याचें कारण त्या काळच्या ध्वनिक्षेपकांत आहे. कार्बनचा ध्वनिक्षेपक जरासा धक्का लागला तरी खरखरे, म्हणून तो कड्यांत स्प्रिंगांनीं टांगून ठेवावा लागे. १९३० नंतर आलेले फितीचे उत्कृष्ट ध्वनिक्षेपक एकेक साडेतीन-चार किलो भरत. एवढें ओझें माणसाच्या तोंडाच्या उंचीवर धरावयाचें तर खालीं बिडाची भक्कम तबकडी हवीच. १९३९ सालीं शिकागोच्या शुअर कंपनीनें एकाच दिशेचा आवाज घेणारा, आटोपशीर ध्वनिक्षेपक काढला, आणि १९६६ मध्यें त्याच कंपनीचा जो हातांत मावणारा नमुना आला त्याचें वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास आहे. आमच्याकडे अहूजा वगैरे देशी कारखानदारांनींहि याच धर्तीचे माल गांवोगांव पोंचविले. म्हणजे खांबाच्या डोक्यावरचें ओझें दहा-बारा पटींनीं उतरलें. पण खांब मात्र पुष्कळ वर्षें पूर्वीचाच जाडजूड राहिला. संवय ही विज्ञानापेक्षां चिवट असते.

तथापि वजन ही या खांबाची मुख्य खोड नव्हे. मुख्य खोड ही कीं, तो उभ्या माणसासाठीं घडविलेला आहे. पश्चिमेकडील गायक उभा राहून गातो, वक्ता उभा राहून बोलतो. त्यांच्या सोयीनें त्याची उंची ठरली. आमचा गवई बसतो. बसलेल्या गवयाचें तोंड जमिनीपासून फार तर अडीच फूट वर. डाव्या हातास किंवा मांडीवर तानपुरा, पुढें कधीं स्वरमंडळ, शेजारीं पेटी, पलीकडे तबला. या सगळ्यांच्या मधोमध चार फुटांचा खांब रोवावयाचा कोठें? आम्हीं लहानपणापासून यावर नाना तोडगे पाहिले आहेत. व्यासपीठ उंच असेल तर खांब खालीं जमिनीवर ठेवून त्याचें डोकें तेवढें गवयापुढें आणीत. नाहींतर खांबाचा वरचा भाग काढून नुसती तबकडी आणि नळीचा तुकडा ठेवीत. कोठें लांकडी पाटावर ध्वनिक्षेपक कापडानें बांधीत, आणि पेटीसाठीं असलेला दुसरा ध्वनिक्षेपक तर सर्रास उशीवर निजविलेला असे! मंडपाच्या चिटणीसांस हा सारा खटाटोप अध्यक्षांच्या भाषणानंतर, पांच मिनिटांत, श्रोत्यांच्या देखत करावा लागे. कारण खांब प्रथम अध्यक्ष महाराजांच्या मापाचा केलेला असे.

या अडचणींतूनहि मराठी गाण्यानें एक नवी वाट काढली हें कबूल केलें पाहिजे. ज्यास आपण भावगीत म्हणतों तो प्रकार नभोवाणी, ध्वनिमुद्रिका आणि ध्वनिक्षेपक यांच्याच अंगाखांद्यावर वाढला. गजाननराव वाटवे १९४० च्या आगेंमागें पुण्याच्या गणेशोत्सवांत चौकाचौकांतून गाऊं लागले तेव्हां त्यांच्यापाशीं काय होतें? पुढ्यांत पेटी, शेजारीं तबला, आणि तोंडापुढें ध्वनिक्षेपक. ती पेटीहि ते स्वतःच वाजवीत. मेळ्यांतील मुलांप्रमाणें घसा फोडावयाचें कारण उरलें नाहीं. शब्द कानाशीं बोलल्यासारखा उच्चारला तरी तो चौकाच्या टोंकापर्यंत जाई. पुढें १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रावरून वर्षभर चाललेल्या ‘गीतरामायणा’चे सुधीर फडके यांनीं जे असंख्य जाहीर कार्यक्रम केले, त्यांचीहि मांडणी हीच. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या मृदु गळ्याच्या गायिकांसहि मोठ्या सभागृहांत सुखानें गातां आलें तें याच यंत्रामुळें. म्हणून ध्वनिक्षेपकानें गाणें बिघडविलें असा जो एक सूर जुन्या रसिकांत ऐकूं येतो, त्यास आमचा पाठिंबा नाहीं. त्यानें ज्यांचा आवाज लहान होता त्यांस सभा दिली.

पण ज्यांची कला चालण्यांत, वळण्यांत, नाचण्यांत होती त्यांस त्यानें काय दिलें? येथें हिशेब उलटा होतो. नारदीय कीर्तनांत उत्तररंगीं बुवा एकटेच राजा होतात, प्रधान होतात, म्हातारी होतात. एका पात्राचें वाक्य डावीकडे पाहून, दुसऱ्याचें उजवीकडे पाहून बोलतात. वारकरी कीर्तनांत कीर्तनकार विणेकऱ्याकडे व टाळकऱ्यांकडे वळून त्यांस चाल देतो आणि पुन्हां श्रोत्यांकडे फिरतो. देहू आणि आळंदी यांच्या मधल्या या टापूंत तर हें दृश्य नित्याचें. खांब पुढें आल्यावर झालें काय? अंतर दुप्पट झालें म्हणजे आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, हा निसर्गाचा नियम. बुवांनीं तोंड हातभर वळविलें कीं शब्द मंडपांतून नाहींसा. दोन-चार वेळां असें झालें म्हणजे बुवा वळणेंच सोडतात. आम्हीं असे कीर्तनकार पाहिले आहेत, ज्यांचे पाय नाचूं पाहातात आणि मान मात्र खांबास बांधल्यासारखी ताठ राहते.

तमाशाचीहि तीच गत. चाकणहून पुणें-नाशिक रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे नारायणगांव लागतें. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, गांवोगांवचे पंच येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवितात. या फडांतून बतावणी आणि वग पाहिलेल्या कोणासहि आठवेल कीं, पात्राचें वाक्य आलें म्हणजे तें चार पावलें चालून खांबापाशीं येतें, वाक्य टाकतें आणि मागें सरतें. मग दुसरें पात्र येतें. राजा सिंहासनावरून उठून आज्ञा देण्यासाठीं खांबापाशीं येतो! सोंगाड्यांनीं या अडचणीचाच विनोद केला, खांबाशींच भांडण उकरून काढलें, हा त्यांच्या प्रतिभेचा भाग. पण संवादांतील झटापट मंदावली ती मंदावलीच.

शाहिरांनीं मात्र या खांबास बऱ्यापैकीं नमविलें असें आम्हांस वाटतें. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत, १९५६ ते १९६० या वर्षांत, अमर शेखांचा पहाडी आवाज हजारोंच्या सभांतून घुमला. मुळांत ज्या आवाजास यंत्राची गरज कमी, त्यास खांबापासून दूर उभें राहण्याची मुभा अधिक. पथकापुढें एकच ध्वनिक्षेपक असला म्हणजे शाहीर जवळ, झीलकरी दोन पावलें मागें, ढोलकी त्याहून मागें, अशी रचना आपोआप होई, आणि कोणाचा आवाज किती ऐकूं यावा याचा तोल पायांच्या अंतरानें साधे. ध्रुपद आलें कीं झीलकरी एक पाऊल पुढें येत. आज जें काम यंत्रावरच्या दहा-वीस कळा फिरवून होतें, तें ही मंडळी पावलांनीं करीत.

या साऱ्या काळांत खांब कोणाच्या मालकीचा होता हें पाहाणें उद्बोधक आहे. तो कलावंताचा नव्हता. मंडपवाल्याचा किंवा स्पीकरवाल्याचा होता. गवई तानपुरा आपला आणी, तबलजी तबला आपला आणी. पण ज्याच्यावाचून त्यांचें गाणें कोणासच ऐकूं जाणार नाहीं ती वस्तु भाड्याची. तिची उंची, तिची जागा, तिचें तोंड कोणीकडे, हें ठरविणारा माणूस पुष्कळदां गाण्याचा गंध नसलेला. भीमसेन जोशी यांनीं १९५३ सालीं गुरूंच्या स्मृत्यर्थ पुण्यांत सुरूं केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणीं जाणते लोक ही व्यवस्था पाहात. तेच भीमसेन स्वतः मोटार हांकीत, साथीदार आणि तानपुरे घेऊन गांवोगांव बैठकी करीत फिरत; अशा फिरतीवर असलेल्या गवयास मात्र जें पुढ्यांत येईल तें पत्करावें लागे. गातांना सर्वांगानें गाणाऱ्या माणसापुढें बुटका, न वळणारा खांब आला म्हणजे एक तर गाणें आंखडतें, नाहींतर निम्म्या ताना वाऱ्यावर जातात.

वाकडच्या त्या तरुणाच्या खांद्यावरची पिशवी आम्हांस महत्त्वाची वाटते ती यासाठीं. खांब आतां गायकाच्या मालकीचा होऊं लागला आहे. तो घडीचा, तीन पायांचा, आडव्या दांड्याचा झाला, म्हणजे खरोखर तिवईच झाला. आणि पेटीचे पाय शंभरावर वर्षांपूर्वीं निघाले तसे याचेहि आंखूड होऊं लागले. नेहमींची आडव्या दांड्याची तिवई अदमासें अडीच-तीन किलो भरते आणि मिटली तरी हात-दोन हात लांब राहते. कार्बनतंतूची तिवई याहून बरीच हलकी, पण तितकीच महाग. नळींत नळी सरकणारी, मिटल्यावर पाठीवरच्या पिशवींत मावणारी तिवईहि मिळते.

या विषयांत आम्हीं जें पाहिलें व वादकांकडून ऐकलें त्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, घेणारानें प्रथम वजन विचारूं नये. आपण बसून गाणार कीं उभें राहून, हें स्वतःस विचारावें. बसून गाणाऱ्यानें तिवई सर्वांत खालीं किती येते तें मोजावें. दुकानदार ती वर किती जाते हें सांगतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढें उभा गायक असतो. आडवा दांडा पेटीच्या वरून पलीकडे जाईल एवढा लांब हवा, नाहींतर तिवईचेच पाय मांडीस टोंचत राहतात. त्यानंतर आवळणी पाहावी. नळीवर जी फिरकी आवळून उंची धरतात ती प्लॅस्टिकची असली तर वर्ष-सहा महिन्यांत निसटूं लागते. ध्वनिक्षेपक हळूहळू खालीं उतरतो आणि त्याच्यामागोमाग गवईहि वांकत जातो. आम्हीं एका भजनांत पेटीवाल्यास असा वांकत वांकत शेवटीं भात्यावर टेकलेला पाहिला. हंसूं आलें, पण रात्रभर त्याची पाठ दुखली असेल हेंहि मनांत आलें. वजन या दोहोंनंतर.

हलकी तिवई पडते ही तक्रार खरी आहे, परंतु निम्मा दोष मांडणाऱ्याचा असतो. तीन पायांची वस्तु नेहमीं दोन पायांच्या मधल्या बाजूस कलंडते. आडवा दांडा ज्या दिशेस गेला असेल त्याच्या बरोबर खालीं एक पाय यावा, एवढें संभाळलें तर पुष्कळ अपघात टळतात. शिवाय बिडाची तबकडी घरून वाहून नेण्याचें कांहीं कारण नाहीं. वजन सगळीकडे मिळतें. तें तेथेंच उसनें घ्यावें आणि जातांना परत करावें. एक अडचण मात्र जागतिक आहे. अमेरिकन रिवाजाचा आटा पांच-अष्टमांश इंचाचा, एका इंचांत सत्तावीस फेऱ्यांचा. युरोपांतला तीन-अष्टमांश इंचाचा. तिवई एका आट्याची आणि पकड दुसऱ्याची निघाली कीं सारा थाट निरर्थक. दोन्ही जुळविणारी पितळी कडी अंगठीएवढीच असते, ती पिशवीच्या कप्प्यांत कायमची ठेवावी. न मिळाल्यास भोसरीच्या एखाद्या लेथवर टर्नर ती कापूनहि देईल.

कॉलरला लावावयाच्या बिनतारी ध्वनिक्षेपकांमुळें हे खांब आतां जातील असें कांहीं जण म्हणतात. कीर्तनकारांस त्यांनीं पुन्हां मान वळवूं दिली हें खरें, आणि त्याबद्दल आम्हांस समाधान आहे. पण पेटीच्या पुढें, तबल्याच्या पुढें, गिटारच्या पुढें कांहीं तरी उभें राहावेंच लागतें. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्यावरील ध्वनिवर्धकास मनाई केल्यापासून मांडामांड आणि आवराआवर यांस वेळ थोडा उरतो. दोन मिनिटांत उघडणारी व मिटणारी तिवई ही आतां केवळ चैन राहिली नाहीं.

त्या तरुणाची गांठ पुन्हां पडली ती वाकडांतल्याच एका लहानशा देवळांत. उपाहारगृहांतलें गाणें नसलेल्या दिवशीं तो तेथें अभंग गातो, असें समजलें. पिशवी पूर्वीची नव्हती. हातभर लांबीची, आंखूड. त्यानें तींतून तिवई काढली, पाय पसरले, एक पाय आडव्या दांड्याच्या खालीं आणला आणि ध्वनिक्षेपक बसलेल्या पेटीवाल्याच्या डोक्यावरून पुढें नेला. मग अंगणांत जाऊन एक बऱ्यापैकीं धोंडा उचलून आणला, कापडी पिशवींत घातला आणि तिवईच्या मध्यास टांगला. दहाच्या आधीं पांच मिनिटें भैरवी संपली. त्यानें दांडा मिटला, पिशवी गिटारच्या खोळीस बांधली, आणि धोंडा होता तेथें नेऊन ठेवून गाडीस किल्ली लावली.